‘ओके टेस्टेड’ लिहिणाऱ्यांना अनावृत पत्र

प्रति,
ग्राहकसेवा विभागाचे प्रमुख,
लॅपटॉप बनवणारी एक नामवंत कंपनी

स. न. वि. वि.

कंपनीचं नाव मी मुद्दामच घातलेलं नाही. माझा तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहे, शोधलंत तर सापडेन. दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या प्रमुखांना हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तर त्यांनीही ते ठेवून घ्यावं. माझी हरकत नाही.

मी मिरजेत राहते. घरातल्या पुढच्या खोलीत डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि एखाद्या वर्षी नशीब जोरावर असेल तर दिवाळी अंकाची पानं. हे सगळं तुमच्या लॅपटॉपवर चालायचं. वाढीव वॉरंटीचे पैसे मी दुकानात घासाघीस न करता भरले होते, कारण लग्नसराईत यंत्र बंद पडलं तर काय होतं हे मला ठाऊक आहे.

डिस्क बिघडली म्हणून मी रागावलेले नाही. डिस्क बिघडतातच. पण ती बिघडली आहे हे मी सांगत होते, यंत्र स्वतः सांगत होतं, आणि तुमच्या जॉबशीटवर मात्र ‘ओके टेस्टेड’ असं लिहून आलं. ते मला लागलं. अजून लागतंय.

दुखणं काय होतं ते पहिल्यापासून सांगते, कारण तुमच्याकडे ते कुणी शेवटपर्यंत ऐकलेलंच नाही. फाइल एक्सप्लोरर उघडून एखाद्या फोल्डरवर क्लिक केलं की खिडकी पांढुरकी पडायची, वरच्या पट्टीत नावापुढे ‘नॉट रिस्पाँडिंग’ यायचं आणि निळं वर्तुळ फिरत राहायचं. मग खालचा टास्कबारही क्लिक घेईनासा व्हायचा. कोरलमध्ये पत्रिका उघडी असली तर ती थिजायची, ब्राउझर थिजायचा. माउसचा बाण तेवढा मजेत हिंडत असायचा. कधी अर्ध्या मिनिटाने, कधी चहा पिऊन होईपर्यंत, सगळं एकदम जागं व्हायचं आणि मधल्या वेळात मी वैतागून केलेले क्लिक एकामागून एक अमलात यायचे. एकाच फोल्डरच्या खिडक्यांची रांग लागायची. समोर मुलीचे वडील पत्रिकेचं प्रूफ बघायला बसलेले, आणि मी त्यांना म्हणतेय, “काका, एक मिनिट हं.”

तुमच्या फोनसेवेतल्या मुलाने आधी रिस्टार्ट करायला लावलं. मग म्हणाला, व्हायरस असेल. मग म्हणाला, सॉफ्टवेअर जास्त झालीत. मी म्हटलं, “दादा, माझं जरा ऐकून घ्या, हे एका ठराविक फोल्डरवरच जास्त होतंय.” तर म्हणाला, “मॅडम, घरी सर आहेत का? त्यांना द्या ना फोन, त्यांना समजेल.” माझे यजमान हायस्कुलात संस्कृत शिकवतात. त्यांनी फोन घेऊन शांतपणे सांगितलं की लॅपटॉपमधलं सगळं हिलाच कळतं, मला प्रिंट कशी काढायची तेही हीच दाखवते. त्यावर पलीकडून आलं, “हां सर, तर सर, तुम्ही एक काम करा.” यजमानांनी फोन माझ्या हातात दिला आणि तासाची घंटा झाल्यासारखे निघून गेले.

आता मी काय काय करून पाहिलं होतं ते ऐका. डेस्कटॉप, टास्कबार आणि फोल्डरच्या खिडक्या हे सगळं साधारणपणे एकाच एक्सप्लोररच्या अंगावर असतं, म्हणून एक खिडकी अडली की सगळंच अडतं. शिवाय अँटिव्हायरस, झिप करणारी सॉफ्टवेअर, क्लाउड साठवणीवाले, सगळे राइट-क्लिकच्या यादीत आपापली ओळ घुसवतात आणि ती उपरी मंडळी एक्सप्लोररच्या घरातच राहायला येतात. त्यातला एक आजारी पडला की यजमानही झोपतो. (तुम्ही लॅपटॉपबरोबर न मागता भरून दिलेला, महिनाभराने पैसे मागणारा अँटिव्हायरस याच मंडळींतला होता. त्याबद्दल वेगळं पत्र लिहिता येईल.) म्हणून मी ही सगळी बाहेरची भर एकेक करून बंद केली. क्विक अ‍ॅक्सेसमधला इतिहास पुसला, कारण तिथे आता अस्तित्वात नसलेल्या नेटवर्क ड्राइव्हचा पत्ता राहिला असेल तर एक्सप्लोरर त्याची वाट बघत बसतो. नवीन यूजर काढून पाहिला. सेफ मोडमध्ये चालवून पाहिलं. विंडोजच्या स्वतःच्या फाइल तपासणारी एसएफसीची आज्ञा चालवली, रॅमची चाचणी घेतली. सगळं निर्मळ निघालं, आणि हँग होणं जसंच्या तसं राहिलं, अगदी सेफ मोडमध्येसुद्धा.

मग एक गंमत लक्षात आली. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी जुने फोटो स्कॅन करून ठेवले होते. ते फोल्डर मोठ्या चित्रांच्या स्वरूपात उघडलं की लॅपटॉप हटकून थिजायचा. तेच नुसत्या नावांच्या यादीत उघडलं तर मुकाट उघडायचं. चित्रं दाखवायला एक्सप्लोररला प्रत्येक फाइल आतून वाचावी लागते, नावं दाखवायला लागत नाही. म्हणजे खोड एक्सप्लोररमध्ये नव्हती, कुठल्या तरी फाइलच्या वाचनात होती. फोटो एकेक करून पेनड्राइव्हवर टाकायला घेतले तर काही फोटोंवर दरवेळी गाडी थांबायची, आणि दरवेळी त्याच फोटोंवर. टास्क मॅनेजरमध्ये तेव्हा डिस्क १०० टक्के आणि वाचनाचा वेग जवळपास शून्य दिसायचा. प्रोसेसर रिकामा बसलेला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्क’ या नावाखाली क्रमांक ७ आणि क्रमांक १५३ च्या नोंदी ओळीने पडलेल्या. ७ म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक आहे. १५३ म्हणजे वाचायची मागणी फसली, पुन्हा करावी लागली. हे मी ठरवलेलं निदान नव्हतं. यंत्राने तारीख-वेळ घालून लिहून ठेवलेलं होतं.

तुमच्या लॅपटॉपमध्ये १ टीबीची, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क होती. म्हणजे सेकंदाला ९० फेरे, एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. एखादं सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा माहितीचा एक छोटा कप्पा, वाचता आलं नाही तर डिस्क हार मानत नाही. पुढच्या फेऱ्याला तेच सेक्टर वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत थांबते, पुन्हा वाचते, डोकं किंचित इकडे-तिकडे सरकवून पुन्हा वाचते. असे शेकडो प्रयत्न झाले की सेकंद उलटतात, आणि तोवर बाकीच्या सगळ्यांच्या मागण्या रांगेत उभ्या राहतात, कारण सगळी डोकी एकाच दांड्यावर बसवलेली असतात आणि तो दांडा त्या एका सेक्टरपाशी अडकलेला असतो. विंडोजचा नियम असा की एखाद्या खिडकीने ५ सेकंद कुठलाही निरोप उचलला नाही तर तिला ‘नॉट रिस्पाँडिंग’ ठरवायचं. म्हणून एका फोटोपायी पत्रिका, ब्राउझर आणि टास्कबार सगळेच बेशुद्ध. यात व्हायरस कुठे आला? आणि सॉफ्टवेअर जास्त झाल्याचा काय संबंध?

हे सगळं मी एका पानावर लिहून, नीट कंपोज करून, छापून कोल्हापूरला तुमच्या अधिकृत केंद्रात नेलं. काउंटरवरच्या मुलाने तो कागद घेतला, स्टेपलरखाली ठेवला आणि विचारलं, “प्रॉब्लेम काय आहे?”

तो मुलगा वाईट नव्हता. माझ्यामागे अकरा लोक उभे असतील, त्याला दिवसाला अमुक यंत्रं हातावेगळी करायची असतील. पण त्याने विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये माझे श्रीलिपीचे फॉन्ट बघितले आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. “एवढे फॉन्ट असतात का मॅडम? त्यामुळेच होतंय.” मराठी डीटीपीवाल्याकडे एवढे फॉन्ट नसतील तर कुणाकडे असतील? ते काढूनही पाहिले होते, आणि ते माझ्या कागदावर तिसऱ्या ओळीत होतं. स्टेपलरखाली.

मग त्याने तुमची चाचणी लावली. काही मिनिटांत हिरवी खूण आली: पास. त्या खुणेनं माझं तोंड बंद झालं, आणि ती खूण किती पोकळ आहे हे तुम्हाला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. हार्ड डिस्का स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवतात. ‘स्मार्ट’ नावाची ही व्यवस्था १९९०च्या दशकापासून आहे. किती सेक्टर बाद करून राखीव जागेत हलवले, किती वाचता येईनात आणि निकालाची वाट बघत पडलेत, सगळं त्यात असतं. पण ‘पास’ की ‘फेल’ हा एका शब्दातला शेरा त्या आकड्यांवरून थेट ठरत नाही. डिस्क बनवणाऱ्याने आखलेल्या मर्यादेखाली गुण गेले तरच ‘फेल’, आणि ती मर्यादा इतकी खाली असते की रडतखडत चालणारी डिस्क सहज उत्तीर्ण होते. छोटी चाचणी पृष्ठभागाचा जेमतेम तुकडा वाचते. सगळी डिस्क वाचणारी मोठी चाचणी असते, तिला १ टीबीसाठी काही तास लागतात. मी म्हटलं, ती लावा, लॅपटॉप रात्रभर ठेवून जाते. तो म्हणाला, “आमच्या प्रोसेसमध्ये नाही ते.”

माझ्या घरापासून थोड्या अंतरावर तंबोऱ्याचे कारागीर बसतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांच्यातल्या एकाची कार्डं मीच छापली. कुणी तंबोरा घेऊन आलं की ते आधी तार छेडतात आणि मान खाली घालून ऐकतात. जवारीला हात त्यानंतर. आणलेल्या माणसाला मध्ये तोडत नाहीत. तुमच्या काउंटरला एवढीच रीत लावली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्या डिस्कवर पहिलं सेक्टर ‘प्रलंबित’ म्हणून नोंदलं गेलं, ती पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता बाकीच्यांच्या १६ पट निघाली. त्याच अभ्यासात असंही आहे की बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. तेव्हा आकडे शून्य असले म्हणजे डिस्क ठणठणीत, असं मीही म्हणणार नाही. माझ्या डिस्कचे आकडे शून्य नव्हते.

आणि मग तुम्ही फॉरमॅट केलंत. मी म्हटलं होतं, फोटो पूर्ण निघालेले नाहीत, आधी मला विचारा. फॉर्मवर सही घेतली होती ना, ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ म्हणून. ती सही पुरेशी ठरली. लॅपटॉप परत आला तेव्हा विंडोज नवीकोरी, माझे फॉन्ट गायब, आणि जॉबशीटवर तो शेरा.

याहून वाईट म्हणजे लॅपटॉप चालू लागला! थोडे दिवस अगदी झकास. यजमान म्हणाले, बघ, केलं की नाही त्यांनी. मला त्यांना समजावून सांगावं लागलं की फॉरमॅटचा गुण असा येतोच. झटपट फॉरमॅटमध्ये डिस्कचा पृष्ठभाग कुणी तपासत नाही, नुसती अनुक्रमणिका नव्याने लिहितात. पण विंडोज पुन्हा बसवताना फाइली दुसऱ्या जागी पडतात, आणि जिथे जुन्या खराब सेक्टरवर नवं लिखाण होतं तिथे डिस्क ते सेक्टर मुकाट्याने बदलून राखीवातलं देते. म्हणून सगळं सुरळीत दिसतं. बिघडत चाललेला पृष्ठभाग मात्र बिघडतच असतो. देशभरात किती हार्ड डिस्का अशा फॉरमॅटच्या काढ्यावर वॉरंटी संपेपर्यंत तग धरत असतील, कुणास ठाऊक. मी तुमच्या हेतूवर शंका घेत नाही. तुमच्या पद्धतीतून तुमचाच फायदा कसा होतो, एवढंच दाखवतेय.

दुखणं परत आलं तेव्हा माझी वॉरंटी संपलेली होती. तोच मुलगा, तेच काउंटर. “मॅडम, आता आउट ऑफ वॉरंटी आहे, आणि मागच्या वेळी तर ओके होता.” पुढचं वाक्य विक्रीचं होतं: विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, नवीनच घ्या, एक्स्चेंज आहे. पाठिंबा संपला हे खरं आहे. त्यामुळे सुरक्षिततेची नवी दुरुस्तीपत्रं नेहमीसारखी येत नाहीत. त्यामुळे एखादा फोटो वाचता येईनासा होत नाही. एका खऱ्या गोष्टीच्या आडून दुसरी गळ्यात मारायची हे बाजारात चालतं, पण तिथे ‘सेवा केंद्र’ अशी पाटी लावू नका.

शेवटी आमच्याच भागातल्या एका मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने आधी विचारलं, “ताई, नेमकं कधी अडकतं?” मला अक्षरशः भरून आलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. मी सांगितलं, त्याने पूर्ण ऐकलं, मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडलं. पिवळी खूण आणि खाली प्रलंबित सेक्टरांचा आकडा. चहा यायच्या आत निदान. मग तो म्हणाला, आता लॅपटॉप चालू ठेवू नका, दर चालण्याला डिस्क आणखी खराब होईल. त्याने डिस्क बाहेर काढली, दुसऱ्या यंत्राला जोडली आणि लिनक्सवरून डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम लावून ठेवला. हा आधी चांगला भाग भराभर उतरवून घेतो आणि अडणाऱ्या जागांच्या वाट्याला सगळ्यात शेवटी जातो. नवीन एसएसडी बसवली. आता तोच लॅपटॉप, तेच फॉन्ट, तीच विंडोज, आणि फोल्डर क्लिक करताच उघडतं.

शाळेचे काही फोटो मात्र गेले. त्यांच्यावर तुमची विंडोज लिहिली गेली होती. अल्बम निवृत्त मुख्याध्यापकांकडे परत दिलेला होता. मी पुन्हा त्यांच्या दारात गेले. गुरुजी ऐंशीच्या पुढचे. त्यांनी काही न विचारता कपाट उघडलं, पण एवढ्यात त्यांनी दोन फोटो कुणा माजी विद्यार्थ्याला देऊन टाकले होते. स्मरणिकेत १९७०च्या दशकातल्या स्नेहसंमेलनाचं पान अर्धं आहे. तिथे मी वेल-बुट्टी घालून जागा भरली. छापून आल्यावर कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला दिसतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत, संबंधित माहिती ग्राहकापासून जाणूनबुजून दडवून ठेवणं हेही धरलंय. तुम्ही दडवलंत असं मी म्हणत नाही. तुम्ही बघितलंच नाहीत. जे बघितलं नाही ते दडवलं कसं, असा तुमचा बचाव असेल तर तो ग्राहक आयोगापुढे मांडून पाहा. तक्रारीला २ वर्षांची मुदत असते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, आणि अर्ज कंपोज करायला मला बाहेर जावं लागणार नाही. तूर्त मी तिकडे गेलेले नाही, कारण मला नव्या डिस्कच्या पैशांपेक्षा वेगळं काही हवंय.

मला माझं जॉबशीट दुरुस्त करून हवंय. पहिल्या तक्रारीची तारीख वॉरंटीच्या आतली आहे. तिच्यासमोर ‘ओके टेस्टेड’ खोडून ‘हार्ड डिस्कची तक्रार, मोठी चाचणी केली नाही’ असं लिहून, खाली तुमच्या माणसाची सही घालून पाठवा. माझं ते छापील पानही त्याला जोडा, फाइलमध्ये असेल तर. आणि तुमच्या सगळ्या केंद्रांना एक साधं परिपत्रक काढा: हँग होण्याची तक्रार आली की हिरव्या खुणेवर न थांबता स्मार्टचे मूळ आकडे बघायचे, ते जॉबशीटवर लिहायचे, शंका असेल तर मोठी चाचणी रात्रभर लावायची आणि ग्राहकाने फोनवर होकार दिल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही. मसुदा मी फुकट करून देईन. फोनसेवेतल्या मुलांना एवढंही सांगा की फोन ज्या व्यक्तीने केलाय तिच्याशीच बोलायचं.

जुनी डिस्क मी फेकलेली नाही. पाकिटावर तारीख घालून ठेवली आहे. कुणाला आकडे स्वतः बघायचे असतील तर माणूस मिरजेला पाठवा. मी आता कोल्हापूरला येणार नाही.

कळावे,
आपली एक ग्राहक, मिरज